जीआयएफमध्ये काय हलू द्यायचे आणि काय नाही

हलते चित्र, म्हणजे जीआयएफ, बनवायला शिकवा म्हणून जे कोणी माझ्याकडे येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणते सॉफ्टवेअर घेऊ? गिम्प, फोटोशॉप, मोबाइलवरचे एखादे ॲप, यांपैकी कशानेही काम भागते. त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे आणि तो फारसे कोणी विचारत नाही: चित्रातला कोणता भाग हलणार आहे आणि कोणता मुळीच हलणार नाही? फाइल काही शे केबीची होणार की दहा-बारा एमबीची, पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ती निववणार की टोचणार, हे बरेचसे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. मी नाशिकमध्ये डिझाइनचे काम करते. लग्नपत्रिका आणि दुकानांचे फलक यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत द्राक्षबागायतदारांसाठी आणि दुकानदारांसाठी अशी छोटी हलती चित्रे करण्याचे कामही येऊ लागले आहे. त्या कामात जे उपयोगी पडते ते येथे सविस्तर लिहीत आहे. मेनूंची नावे गिम्पमधली दिली आहेत, कारण ते फुकट मिळते, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते आणि माझा हात त्यावर बसलेला आहे.

या फाइलप्रकाराच्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय पुढचे काही नीट उमगणार नाही. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या चमूने १९८७ मध्ये जीआयएफ तयार केली, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून रंगीत चित्र लवकर पोहोचावे एवढाच हेतू होता. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत दोन फ्रेममधला, म्हणजे हलत्या चित्रातल्या एकेका स्थिर चित्रामधला, वेळ ठरवण्याची आणि एक रंग पारदर्शक ठेवण्याची सोय आली. चित्र अखंड फिरत ठेवण्याची तरतूद मात्र मूळ आराखड्यात नव्हती. ती नेटस्केप या ब्राउझरने १९९५ च्या सुमारास आपल्या पदरची जोडली, आणि म्हणूनच आजही फिरत्या जीआयएफच्या पोटात त्या केव्हाच अस्तंगत झालेल्या ब्राउझरचे नाव लिहिलेले सापडते. मध्यंतरी तिच्या कॉम्प्रेशनच्या, म्हणजे फाइल लहान करण्याच्या, पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट असल्यामुळे बराच वाद झाला आणि त्यातूनच पीएनजी हा नवा प्रकार निघाला. अमेरिकेतले ते पेटंट २००३ मध्ये संपले आणि वादही मिटला.

एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात, तर मोबाइलने काढलेल्या साध्या फोटोत हजारो छटा असतात. हिशेब करून पाहावा: ४८० बाय ४८० पिक्सेलच्या चित्रात २,३०,४०० पिक्सेल होतात, प्रत्येकाला एक बाइट धरला तर एक फ्रेम सव्वादोनशे केबीची होते आणि अशा २० फ्रेम म्हणजे सुमारे साडेचार एमबी. हा आकडा खाली आणण्याचे काम एलझेडडब्ल्यू ही पद्धत करते. ती चित्र एकेका ओळीने, डावीकडून उजवीकडे वाचते आणि आधी येऊन गेलेली पिक्सेलची मालिका पुन्हा भेटली की तिच्या जागी एक छोटा क्रमांक लिहिते. सपाट रंगाचा फलक, संगणकाच्या पडद्याचे चित्रण, रेखाचित्र यांत अशा मालिका पदोपदी भेटतात. फोटोतल्या पानांत, वाळूत, पाण्यात जवळजवळ भेटतच नाहीत. त्याखेरीज पुढच्या फ्रेममध्ये जो भाग बदललेला नाही तो पुन्हा न साठवता पारदर्शक ठेवता येतो. जीआयएफच्या सगळ्या काटकसरीचा उगम या शेवटच्या सोयीत आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेते. दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीवरचा डोळा फुगतो, त्यातून पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, बाहेर येतो, पाने उलगडतात आणि चार-पाच पाने झाली की घड दिसू लागतो. कोणत्या फुटीला घड आहे आणि कोणती फेलफूट म्हणून काढून टाकायची हे नव्याने कामावर आलेल्या मजुरांना शब्दांत सांगणे कठीण जाते, म्हणून ही सगळी वाढ एका हलत्या चित्रात दाखवावी असे मामांनी सुचवले. मांडवाच्या लोखंडी अँगलला मोबाइलचा क्लॅम्प कायमचा आवळून ठेवला आणि रोज सकाळी, ऊन पानांवर येण्याआधी, ठरलेल्या वेळी फोटो घ्यायचा अशी व्यवस्था केली. पडद्यावर डोळ्याच्या जागी बोट दाबून धरले की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तेथेच बांधले जातात. हे रोज करायचे. (त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्याच्यासमोर कॅमेरा मांडला होता आणि रोज थोडेथोडे चित्रण करत रोपाची वाढ मिनिटभराच्या पटात दाखवली होती. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचे स्मारक आहे, तेथून जाताना मला त्यांच्या चित्रपटांआधी तो वाटाणाच आठवतो.)

फोटो संगणकावर घेतल्यावर त्यांची नावे क्रमाने ०१, ०२ अशी करावीत आणि गिम्पच्या फाइल मेनूतून 'ओपन ॲज लेयर्स' निवडून सगळे एकदम उघडावेत. प्रत्येक फोटो एक लेयर, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांपैकी एक, होतो आणि प्रत्येक लेयर ही जीआयएफची एक फ्रेम असते. सर्वांत खालचा लेयर ही पहिली फ्रेम, हे येथे ध्यानात ठेवायचे; क्रम उलटा लागला असेल तर लेयर मेनूतल्या 'स्टॅक' या भागात तो एका क्लिकमध्ये उलटवण्याची सोय आहे. यानंतर लगेच चित्र कातरून इमेज मेनूतल्या 'स्केल इमेज'ने अंतिम मापाला आणावे. ही दोन्ही कामे सर्व लेयरवर एकदम होतात. मोबाइलवर पाहायच्या चित्राला ४८० पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली. त्याहून मोठ्या मापाचा मोह आवरावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रुंदी दुप्पट केली की पिक्सेल चौपट होतात आणि पाहणाऱ्याला त्या मानाने फारसे काही जास्त मिळत नाही.

या टप्प्यावरची कच्ची प्रत मामांना पाठवली तेव्हा त्यांचा फोन आला. "अगं, पोंगा झकास दिसतोय, पण ही काडी अशी थरथरतेय कशी? वारं तर नव्हतं." प्रश्न अगदी नेमका होता. क्लॅम्प कितीही घट्ट असला तरी फोटो काढताना पडद्याला बोट लागतेच, आणि दोन फोटोंमध्ये पाच-सहा पिक्सेलचा जरी फरक पडला तरी फिरत्या चित्रात सगळी बाग हादरताना दिसते. त्यावरचा उपाय असा: सर्वांत खालचा लेयर आधार मानायचा, वरचा एकच लेयर दिसता ठेवायचा आणि त्याचा मोड 'डिफरन्स' करायचा. दोन्ही चित्रे जेथे तंतोतंत सारखी असतील तेथे काळे दिसते आणि जेथे सरकलेली असतील तेथे कडा उजळ रेघांनी उठून दिसतात. मग मूव्ह टूल घेऊन कीबोर्डवरच्या बाणांनी लेयर एकेका पिक्सेलने सरकवत जायचा. तार आणि अँगल यांच्या उजळ कडा विझत विझत काळ्या होतात आणि मध्ये फक्त फुटलेला डोळा चमकत राहतो, तेव्हा लेयर जागेवर बसला असे समजावे. मोड पुन्हा 'नॉर्मल' करून पुढच्या लेयरकडे वळावे. काम वेळखाऊ आहे, पण जीआयएफ चांगली की गबाळी हे येथेच ठरते.

लेयर जुळले तरी पार्श्वभूमी स्थिर झाली असे होत नाही, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक जण नेमके येथेच थांबतात. डोळ्यांना एकसारखे दिसणारे दोन फोटो संगणकाच्या लेखी एकसारखे नसतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरचे कण, ढगाळ आणि निरभ्र सकाळीतला फरक, मागच्या ओळीतली पाने, यांमुळे जवळजवळ प्रत्येक पिक्सेल थोडाथोडा बदललेला असतो; त्यामुळे न बदललेला भाग पुन्हा साठवायचा नाही ही सोय असूनही तिचा काही उपयोग होत नाही. म्हणून स्थिर भाग आपल्या हाताने खरोखर स्थिर करावा लागतो. पहिल्या फोटोच्या प्रती करून एकेक प्रत प्रत्येक लेयरच्या खाली ठेवायची. वरच्या लेयरला काळा लेयर मास्क, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसेल हे ठरवणारा पडदा, लावायचा आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने डोळ्याच्या, फुटीच्या आणि पानांच्या भोवतीच तो उघडायचा. नंतर 'मर्ज डाउन' करून दोन्हींचा एक लेयर करायचा. आता प्रत्येक फ्रेममध्ये फूट त्या त्या दिवसाची आणि बाकीची बाग पहिल्या दिवसाची असते. तार, अँगल, मागची हिरवाई यांतला पिक्सेलन् पिक्सेल सगळ्या फ्रेममध्ये तोच राहतो. फुटीच्या भोवती उजेडाचा फरक पडून वर्तुळ दिसू लागले तर त्या लेयरला 'लेव्हल्स'ने किंचित उजळावे किंवा मळवावे, मात्र मर्ज करण्याआधी.

यात काही खोटेपणा होतो का, असे एकाने मला विचारले होते. शास्त्रीय नोंद म्हणून चित्र वापरायचे असेल तर असे मास्किंग करू नये, हे मान्य आहे. मजुरांना फूट ओळखायला शिकवायची असेल, तर मागच्या ओळीतले पान त्या दिवशी कोणीकडे वळले होते याच्याशी कोणाला कर्तव्य नसते.

यानंतर रंग कमी करण्याची पाळी येते. इमेज मेनूतल्या 'मोड'मध्ये 'इंडेक्स्ड' निवडले की गिम्प सगळ्या लेयरसाठी मिळून एकच पॅलेट, म्हणजे रंगांची यादी, काढते आणि त्यात २५६ पर्यंत रंग ठेवते. जीआयएफमध्ये प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र पॅलेट देता येते, पण गिम्प तसे करत नाही. याचा तोटा असा की पहिल्या फ्रेममध्ये रखरखीत काडी आणि शेवटच्यात हिरवीगार फूट असेल तर दोघींना तेच रंग वाटून घ्यावे लागतात. मी आधी १२८ रंग देऊन पाहते आणि हिरव्यात पट्टे दिसू लागले तरच वाढवते. याच खिडकीत डिदरिंगचा पर्याय असतो, म्हणजे नसलेल्या छटेचा भास उपलब्ध रंगांचे ठिपके मिसळून निर्माण करण्याचा. त्यातली फ्लॉइड–स्टाइनबर्ग ही पद्धत १९७६ पासून रूढ आहे आणि स्थिर चित्रात फार सुंदर दिसते. ती एका पिक्सेलमध्ये राहिलेली रंगाची तूट उजवीकडच्या आणि खालच्या पिक्सेलकडे ढकलत जाते. त्यामुळे फ्रेमच्या एका कोपऱ्यात पान हलले की तेथून उजवीकडे आणि खाली सगळे ठिपके बदलतात आणि मोठ्या कष्टाने स्थिर केलेली पार्श्वभूमी पुन्हा मुंग्या चालल्यासारखी वळवळू लागते. हलत्या चित्रासाठी 'पोझिशन्ड' हा पर्याय घ्यावा. त्यात ठिपक्याची जागा पिक्सेलच्या स्थानावरून ठरते, त्यामुळे जेथे चित्र बदलत नाही तेथे ठिपकेही बदलत नाहीत. छटांचा पोत थोडा जाळीदार दिसतो खरा, पण तो जागचा हलत नाही.

फ्रेम किती वेळ दिसावी हे गिम्पमध्ये लेयरच्या नावातच लिहितात. लेयरच्या नावापुढे कंसात २०० आणि त्याला जोडून मिलिसेकंदाची एम-एस ही इंग्रजी अक्षरे लिहिली की ती फ्रेम सेकंदाचा पाचवा भाग दिसते; आकडेही इंग्रजीच हवेत. वेळ एकशतांश सेकंदाच्या पटीत मोजला जातो आणि फार लहान आकडा दिला, म्हणजे शतांश सेकंद किंवा शून्य, तर आजचे ब्राउझर त्याला सेकंदाचा दहावा भाग समजून चित्र उलट हळू चालवतात. वेग हवा म्हणून शून्य लिहिणाऱ्याची त्यामुळे फसगत होते. द्राक्षाच्या चित्रात मधल्या फ्रेम २०० मिलिसेकंदांच्या ठेवल्या, पोंगा दिसतो ती जरा जास्त वेळ थांबवली आणि घड दिसणारी शेवटची फ्रेम दोन सेकंद राहू दिली, कारण पाहणाऱ्याने ओळखायचे आहे ते त्याच फ्रेममध्ये आहे. सगळ्या फ्रेमना सारखा वेळ दिलेली जीआयएफ मला अर्धवट वाटते. फिल्टर्स मेनूतल्या 'ॲनिमेशन'मध्ये 'प्लेबॅक' आहे, तेथे हे सगळे चालवून पाहता येते.

त्याच मेनूत 'ऑप्टिमाइझ फॉर जीआयएफ' आहे. ते मूळ फाइलला हात न लावता नवी प्रत उघडते आणि प्रत्येक लेयरमधून मागच्या फ्रेमशी तंतोतंत जुळणारे पिक्सेल काढून टाकते. लेयरची यादी येथे निरखून पाहण्यासारखी असते: सर्वांत खाली पूर्ण चित्र आणि त्यावरच्या प्रत्येक लेयरमध्ये फुटीच्या आकाराचा नुसता एक कपटा. कपट्याऐवजी पूर्ण चौकट दिसत असेल तर पार्श्वभूमी कोठेतरी हलत आहे असे समजावे आणि मास्क पुन्हा तपासावा. शेवटी फाइल मेनूतून 'एक्सपोर्ट ॲज' निवडून नावाच्या शेवटी जीआयएफचे एक्स्टेन्शन द्यावे आणि पुढे येणाऱ्या खिडकीत 'ॲज ॲनिमेशन' आणि 'लूप फॉरेव्हर' यांवर खूण करावी. पहिल्या चौकोनावर खूण करायची राहिली तर सगळे लेयर एकावर एक चिकटून एकच स्थिर चित्र बाहेर पडते. फोटोशॉपमध्ये हेच काम 'टाइमलाइन' पॅनेलमधले फ्रेम ॲनिमेशन आणि 'सेव्ह फॉर वेब' यांनी होते. तर्क तोच, बटणे वेगळी.

रामकुंडावर संध्याकाळी होणाऱ्या गोदाआरतीचे चित्रण मात्र वेगळ्या वाटेने जाते. तेथे फोटो नसतात, मोबाइलवरचा व्हिडिओ असतो, आणि त्यात सगळेच हलते: दिवे, हात, माणसे, पाणी, धूर. अशा व्हिडिओची सरळ जीआयएफ केली तर ती दहा एमबीच्या खाली येत नाही आणि दिसतेही चिखलासारखी. त्यातली एकच चौकट आधार म्हणून निवडावी, सगळा घाट तेथेच थिजवावा आणि मास्कमधून केवळ दिव्यांच्या ज्योती हलू द्याव्यात. ज्योत फारच लहान जागेत हलते, त्यामुळे फाइल हलकी होते, आणि नजर आपोआप तेथेच जाते. व्हिडिओच्या चौकटी सुट्या करण्यासाठी एफएफएमपेग हे फुकट साधन वापरावे. सेकंदाला दहा चौकटी पुरतात. खरी कसोटी जोडाची: शेवटच्या फ्रेमनंतर पहिली फ्रेम येते तेव्हा ज्योत उडी मारताना दिसू नये. त्यासाठी व्हिडिओत आकाराने सारख्या दिसणाऱ्या दोन ज्योती शोधून त्यांच्यामधलाच तुकडा घ्यावा. फ्रेम पुढे आणि मग उलट मागे चालवण्याची एक सोपी युक्ती अनेक जण सांगतात. ज्योतीला ती चालून जाते, पण मास्कमध्ये धूर आला असेल तर तो आरतीच्या ताटात परत शिरताना दिसतो.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावर पुराची पातळी सांगण्याची नाशिककरांची रीत आहे. त्या चढत्या पाण्याची जीआयएफ करायची असेल तर फ्रेम चार-पाचच ठेवाव्यात, प्रत्येकीला भरपूर वेळ द्यावा आणि पाणी हलते दाखवण्याच्या नादी लागू नये. पातळी हाच तेथला बदल आहे. लाटा हा नुसता गोंगाट.

मराठी मजकुराबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण शिकवण्याच्या व्हिडिओंमध्ये उदाहरणे रोमन लिपीची असतात आणि आपल्या लिपीच्या अडचणी त्यांत येत नाहीत. एकेक अक्षर टंकित होत असल्याचा भास हा सर्वांना आवडणारा प्रकार. 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द कीबोर्डच्या क्रमाने उमटवला तर मध्येच पाय मोडलेला त, मग त्र, मग पुन्हा पाय मोडलेला त्र असे तुकडे पडद्यावर येतात आणि वाचणारा अडखळतो. फ्रेम अक्षरांप्रमाणे पाडाव्यात: त्र्यं, त्र्यंब, त्र्यंबके, त्र्यंबकेश्व आणि त्र्यंबकेश्वर. डावीकडून उजवीकडे पडदा सरकवून शब्द उघड केला तर आणखी एक पेच पडतो. 'नाशिक'मधल्या शि ची वेलांटी श च्या आधी एकटीच उगवते. प्रत्येक अक्षराचा वेगळा लेयर करून ती शेजारी शेजारी मांडण्याचा खटाटोपही करू नये, कारण शिरोरेखेला सांधे पडतात. संपूर्ण शब्दाचा एक टेक्स्ट लेयर करून त्याच्या प्रती काढाव्यात आणि प्रत्येक प्रतीत शेवटून एकेक अक्षर पुसत जावे. मजकूर डावीकडे जुळवलेला असला की शब्द जागचा हलत नाही. गिम्पमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरे आपोआप नीट बनतात. फोटोशॉपमध्ये ती फुटत असतील तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावा.

मजकूर नेहमी चित्र अंतिम मापाला आणल्यानंतर लिहावा. आधी लिहून मग चित्र लहान केले की शिरोरेखा पुसट होते, अनुस्वाराचा ठिपका शेजारच्या रंगात मिसळून जातो आणि डिदरिंगनंतर उरलेसुरले टिंब फोटोच्या ठिपक्यांमध्ये हरवते; 'आंबा' आणि 'आबा' यांतला फरक मग वाचणाऱ्याने ताडायचा. बारीक वजनाच्या फॉन्टचे सौंदर्य येथे कामाचे नाही. एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात आणि त्यांची ठळक वजने लहान मापातही तग धरतात. पॅलेट फोटोवरून बनते हेही विसरू नये: हिरव्या बागेवर लाल भडक अक्षरे लिहिली तर रंग कमी होताना लाल रंगाच्या वाट्याला थोड्याच छटा येतात आणि अक्षरांच्या कडा तपकिरी, दातेरी होतात. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे हा साधा मार्ग मला अजून तरी सोडवत नाही.

दुसऱ्याने केलेली किंवा आपली जुनी जीआयएफ दुरुस्त करायची असेल, उदाहरणार्थ दुकानाच्या दिवाळीच्या शुभेच्छांवरचे साल बदलायचे असेल, तर ती गिम्पमध्ये उघडताच लेयरमध्ये नुसते कपटे दिसतात, कारण ती आधीच ऑप्टिमाइझ केलेली असते. कपट्यांवर काम करत बसू नये. फिल्टर्समधल्या 'ॲनिमेशन' मेनूतून 'अनऑप्टिमाइझ' चालवले की प्रत्येक फ्रेम पूर्ण होऊन समोर येते. मग मोड 'आरजीबी', म्हणजे पूर्ण रंगांचा, करावा, नाहीतर नव्या मजकुराला जुन्याच पॅलेटमधले रंग घ्यावे लागतात. बदल झाला की पुन्हा इंडेक्स्ड, पुन्हा ऑप्टिमाइझ. एकदा २५६ रंगांवर आणलेले चित्र पुन्हा त्याच चक्रातून गेले की पोत आणखी खालावतो, म्हणून गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारातली, आरजीबीमधली, मास्क न मिसळलेली मूळ फाइल वेगळी ठेवलेली असली तर हा सगळा द्राविडी प्राणायाम वाचतो.

पारदर्शक पार्श्वभूमीची जीआयएफ मागणारे ग्राहकही असतात. येथे पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. अर्धपारदर्शक अशी काही सोय नाही. म्हणून पांढऱ्या कागदावर कातरलेला लोगो गडद पानावर ठेवला की त्याच्या कडेने पांढरी झालर दिसते. चित्र ज्या रंगाच्या पानावर बसणार आहे तो रंग आधी विचारून घ्यावा, गिम्पमध्ये तो बॅकग्राउंड रंग म्हणून ठेवावा आणि 'सेमी-फ्लॅटन' चालवावे. कडेचे अर्धवट पिक्सेल त्या रंगात मिसळतात आणि झालर जाते. रंग सांगता येत नसेल, तर पारदर्शकतेचा हट्ट सोडायला सांगावे.

राहता राहिला पाठवण्याचा भाग. व्हॉट्सॲपवर जीआयएफ म्हणून जे फिरते ते प्रत्यक्षात आवाज नसलेले छोटे एमपी-फोर व्हिडिओ असतात. आपण पाठवलेल्या फाइलचेही तेथे तसेच रूपांतर होते. त्यामुळे केवळ व्हॉट्सॲपवरच जायच्या चित्रासाठी पॅलेट आणि डिदरिंग यांचा एवढा घाट घालण्याची गरज नाही, जुळवलेल्या आणि मास्क केलेल्या फ्रेमचा सरळ व्हिडिओ करून द्यावा; तो जीआयएफपेक्षा कितीतरी लहानही होतो. संकेतस्थळ, ईमेल, कार्यालयातले सादरीकरण अशा ठिकाणी मात्र क्लिक न करता आपसूक फिरणारे चित्र हवे असते आणि तेथे जीआयएफ अजूनही बिनतक्रार चालते. मामांच्या गटासाठी मी दोन्ही करून दिले: मजुरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ आणि बागायतदारांच्या बैठकीत दाखवायच्या स्लाइडमध्ये जीआयएफ. फेब्रुवारीत, मणी भरू लागल्यावर, त्याच काडीचे पुढचे फोटो घ्यायचे आहेत, म्हणून क्लॅम्प अजून अँगलवरच आहे आणि फवारणीच्या वेळी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची तेवढी आठवण मामांना करून द्यावी लागते.